आपल्या दारातला नाला जातो कुठे?



पावसाळा आला की या पानावर आम्ही जुलाब, कावीळ आणि विषमज्वर यांच्याबद्दल लिहितो. पाणी उकळा, हात धुवा, क्षारसंजीवनी द्या, हे अनेकदा सांगून झाले. घरोघरी आपल्या भगिनी ते पाळतातही. तरी दर पावसाळ्यात वस्तीतली मुले आजारी पडतातच. म्हणून या वेळी घागरीत आलेल्या पाण्याऐवजी मोरीतून आणि संडासातून बाहेर गेलेल्या पाण्याबद्दल लिहायचे आम्ही ठरवले आहे. ते पाणी जाते कुठे, वाटेत त्याचे काय होते आणि ते पुन्हा कोणाच्या तरी घागरीत कसे येते, हे समजले तर अर्धा आजार समजला.

आपण नदीच्या मध्यावर राहतो

सोलापूर शहर मुख्यतः उजनीच्या पाण्यावर जगते. १८७१ मध्ये आदिला नदीवर बांधलेला एकरूख तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, पूर्वी शहराचा मोठा आधार होता. शहर वाढले तसे जवळचे पाणी पुरेना आणि शंभर किलोमीटरहून जास्त लांबीच्या जलवाहिनीने उजनीचे पाणी आणावे लागले. शिवाय धरणातून भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी टाकळीजवळ उपसले जाते. म्हणजे पाणी नळातून येवो की टाकळीहून, ते भीमेचेच.

ही भीमा आपल्या घरांना परकी नाही. दरवर्षी १ जानेवारीला आपण कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो, तो स्तंभ याच नदीच्या काठी आहे. तिथून पुढे गेल्यावर भीमेला मुळा-मुठा येऊन मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन मोठ्या शहरांतले बरेच सांडपाणी या नद्यांमधून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यावर हिरवट साय दिसते, जलपर्णी माजते, त्याचे एक मोठे कारण हेच. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खतासारखे लागू पडतात.

पुणेकरांनी आपले पाणी नीट शुद्ध करूनच नदीत सोडावे, असे सोलापूरकर म्हणतात ते रास्तच आहे. पण नदी सोलापूरला येऊन थांबत नाही. आपल्या शहरातले नाले सीना नदीकडे उतरतात. सीना वडकबाळ, बंकलगी अशा गावांवरून वाहत हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते, जिथे मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक सापडला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. तीत ३५१ पट्टे होते आणि महाराष्ट्रातले ५३ होते. त्या ५३ मध्ये सोलापूर ते बंकलगी हा सीनेचा पट्टाही आहे. या पट्ट्याच्या नावातच आपल्या शहराचे नाव आहे.

पुढे भीमा कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात जाते. तिथे तिच्या काठी सन्नती आणि कनगनहळ्ळी आहेत. कनगनहळ्ळीच्या उत्खननात मोठा स्तूप सापडला आणि त्यात सम्राट अशोकाचे नाव कोरलेली त्यांची शिल्पप्रतिमा मिळाली. माणसांसाठी आणि जनावरांसाठी रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, औषधी वनस्पती लावल्या, असे आपल्या दुसऱ्या शिलालेखात नोंदवणारा हा राजा. कोरेगावचा स्तंभ आणि अशोकाची ही प्रतिमा एकाच नदीच्या काठी आहेत आणि त्यांच्या मध्ये आपण राहतो. वरच्या शहराने आपल्याला काय पाठवले हे विचारताना आपण खालच्या गावाला काय पाठवतो, हेही विचारणे आपल्याला भाग आहे.

पाणी अशुद्ध होते म्हणजे काय होते

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळे बाटले म्हणून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. कसे केले? शेण, गोमूत्र, दही, दूध यांनी भरलेली १०८ मातीची मडकी तळ्यात रिकामी करून. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, अशी ती समजूत होती. विज्ञान याच्या अगदी उलट सांगते. पाणी कोणी शिवले याने काहीच बिघडत नाही. त्यात काय मिसळले याने बिघडते, आणि ते मोजता येते.

कसे मोजतात ते पाहू. स्वच्छ पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो, एका लिटरमध्ये साधारण सात-आठ मिलिग्रॅम. मासे, बेडूक, पाणकिडे त्याच्यावर जगतात. पाण्यात विष्ठा, उष्टे-खरकटे, साबणाचे पाणी आले की जिवाणू ती घाण खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितकी प्राणवायूची ओढ जास्त. या ओढीला शास्त्रात जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. अधिकारी आणि वर्तमानपत्रे तिला ‘बीओडी’ म्हणतात.

घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असतो. आंघोळीयोग्य नदीत तो तीनच्या वर नसावा आणि विरघळलेला प्राणवायू पाचच्या खाली जाऊ नये, असे प्रमाण आहे. आता साधा हिशेब करा. सांडपाण्याच्या एका बादलीची ओढ २५० धरली आणि स्वच्छ पाण्यात प्राणवायू आठ धरला, तर २५० भागिले ८, म्हणजे सुमारे ३१. एक बादली मैलापाणी नदीच्या तीस-एकतीस बादल्यांतला सगळा प्राणवायू खाऊ शकते. वाहती नदी हवेतून प्राणवायू पुन्हा घेत राहते, म्हणून थोडी घाण ती पचवते. पण उन्हाळ्यात सीनेसारख्या नदीत वरून पाणीच नसते. मग पात्रात जे वाहते ते शहराचे सांडपाणीच, आणि ते पचवायला नदी उरलेली नसते. पाणी काळे पडणे, कुजक्या अंड्यासारखा वास येणे, मासे मरून वर येणे, ही प्राणवायू संपल्याची लक्षणे.

बीओडी ही नदीच्या जिवाची गोष्ट झाली. माणसाच्या जिवाला धोका असतो तो विष्ठेतल्या रोगजंतूंचा. पटकी, हगवण, विषमज्वर, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ, जंत, हे सगळे एका माणसाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. पाणी निर्मळ दिसले म्हणून ते जंतुमुक्त असतेच असे नाही.

शुद्धीकरण केंद्रात काय घडते

सांडपाण्याच्या हजार भागांत नऊशे नव्व्याण्णव भागांहून अधिक नुसते पाणीच असते. घाण एका भागाहून कमी. ती वेगळी काढणे हे मलजल शुद्धीकरण केंद्राचे, म्हणजे एसटीपीचे काम. त्यात जादू काही नाही. नदी जे काम अनेक मैलांत हळूहळू करते, तेच इथे काही टाक्यांमध्ये काही तासांत करून घेतात.

आधी लोखंडी जाळ्यांमधून पाणी जाते. चिंध्या, प्लॅस्टिक, सॅनिटरी पॅड, काड्या इथे अडकतात. मग वाळू-खडी खाली बसते. त्यानंतर मुख्य काम सुरू होते. मोठ्या टाकीत पाण्यातून सतत हवा सोडतात. हवा मिळाली की जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते आणि ते पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. खाऊन जड झालेल्या जिवाणूंचे गोळे पाणी स्थिर होताच तळाशी बसतात. वरचे पाणी काढून त्यात क्लोरीन मिसळतात आणि बाहेर सोडतात. तळाच्या गाळातला काही भाग पुढच्या पाण्यासाठी विरजणासारखा ठेवतात. उरलेला वाळवतात आणि तो नीट तपासून झाल्यावर खत म्हणून वापरता येतो.

विरजण राखून ठेवण्याची ही युक्ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात सापडली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ती १९१४ मध्ये जाहीर केली. मँचेस्टर हे आपल्यासारखेच गिरणगाव. सोलापुरात जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. गिरण्यांमागे कामगारांच्या चाळी आणि वस्त्या वाढल्या. गिरण्यांचे तंत्र विलायतेहून आले. वस्त्यांच्या सांडपाण्याचे तंत्र मात्र त्यांच्या दारापर्यंत पोहोचायला फार उशीर झाला.

केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी सोलापूरसारख्या शहरांत ३० च्या वर नसावा, असे केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ही मर्यादा आणखी कडक करून १० करायला सांगितले. नदीतल्या आंघोळीसाठी प्रमाण ३ आहे, हे वर आलेच. म्हणजे शुद्ध केलेले सांडपाणीही पिण्याचे किंवा आंघोळीचे पाणी नव्हे. ते शेती, बागा, बांधकाम, कारखाने यांच्या कामाचे. पण २५० वरून ३० किंवा १० वर आलेले पाणी नदी पचवू शकते. नदी जगते की मरते, हे बरेचसे इथे ठरते.

सोलापूरचा हिशेब

सोलापूर महानगरपालिकेची तीन केंद्रे आहेत. देगावचे रोज ७५० लाख लिटरचे, प्रतापनगरचे १५० लाख लिटरचे आणि कुमठ्याचे १२५ लाख लिटरचे. तिन्ही मिळून १,०२५ लाख लिटर.

हे पुरेसे आहे का? अंदाज घेऊ. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे प्रमाण आहे. त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात, म्हणजे १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. साडेनऊ लाख गुणिले १०८, म्हणजे सुमारे १,०२६ लाख लिटर. केंद्रांची क्षमता आणि हा आकडा कागदावर जवळजवळ जुळतो. पण जनगणना २०११ ची आहे. शहर त्यानंतर वाढले आणि वाढतेच आहे.

त्याहून मोठा प्रश्न क्षमतेच्या पलीकडचा आहे. केंद्र कितीही मोठे असले तरी त्याच्यापर्यंत जे पाणी पोहोचेल तेवढेच ते शुद्ध करू शकते. जे घर भुयारी गटाराला जोडलेले नाही, ज्या वस्तीचे सार्वजनिक शौचालय मागच्या नाल्यात वाहते, ज्या सेप्टिक टाकीतून काळे पाणी उघड्या गटारात येते, त्यांचे मैलापाणी केंद्राला न भेटताच नदीला जाते. त्यात पंप बंद पडले, वाहिनी तुंबली, वीज गेली तर आलेले पाणीही तसेच पुढे जाते. ही सबंध देशाची कथा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. उरलेले बहात्तर भाग जमिनीत, तळ्यात आणि नदीत गेले.

आपल्या शहरात चादर आणि टॉवेलचा धंदा आहे. सुताला रंग देणाऱ्या कारखान्यांचे पाणी ही वेगळी बाब आहे. रंग, क्षार आणि रसायने जिवाणूंना खाता येत नाहीत, उलट त्यांनी जिवाणू मरू शकतात. म्हणून असे पाणी कारखान्यानेच आधी शुद्ध करायचे असते, ते घरगुती गटारात सोडायचे नसते. हा धंदा आपल्यातल्या अनेकांना रोजी देतो. तो चालावा आणि त्याचे पाणीही स्वच्छ व्हावे, या दोन्ही मागण्या कामगाराच्याच हिताच्या आहेत. त्या रंगाच्या हौदाशेजारी उभा असतो तो कामगारच.

गटार आणि नळ एकमेकांना कुठे भेटतात

नदी दूर आहे, आपल्या मुलाच्या पोटदुखीशी तिचा काय संबंध, असे वाटू शकेल. संबंध दोन ठिकाणी येतो. एक वर आलाच. आपले पिण्याचे पाणी नदीतूनच येते आणि ते जितके मळके तितके जलशुद्धीकरण अवघड. दुसरा संबंध अगदी आपल्या बोळात आहे.

वस्तीत बऱ्याचदा नळाची बारीक वाहिनी गटाराच्या कडेने किंवा चक्क गटारातून नेलेली असते. वाहिनी जुनी असते, जोड सैल असतात. पाणी सुरू असताना आतला दाब जास्त असल्याने स्वच्छ पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब संपतो आणि त्याच भोकातून गटाराचे पाणी आत झिरपते. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते, म्हणजे वाहिनी दिवसचे दिवस रिकामी पडून असते. पाणी आल्यावर नळाला थेट मोटार लावली तर ती ओढ आणखी वाढते आणि वाहिनी आजूबाजूचे घाण पाणीही शोषून घेते. एका घराने लावलेल्या मोटारीने शेजारच्या चार घरांच्या घागरीत गटार येऊ शकते. पहिल्या पावसात गटारे तुंबून भरतात, तेव्हा हे सर्वांत जास्त होते. दर पावसाळ्यात वस्तीतच साथ का येते, याचे उत्तर यात आहे.

घरात काय करायचे

• पाणी आल्यावर पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नका. ते झाडायला, धुवायला वापरा. रंग, वास किंवा फेस दिसला तर लगेच तक्रार करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.

• नळाला थेट मोटार लावू नका. गटारातून गेलेला नळ असेल तर वाहिनी उचलून बाजूने नेण्याची मागणी सगळ्या बोळाने मिळून करा.

• पिण्याचे पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण घ्या. प्रमाण विचारून टाका आणि अर्धा तास थांबून प्या.

• पिण्याचे भांडे झाकून ठेवा. त्यात हात किंवा पेला बुडवू नका. लांब दांड्याचे ओगराळे वापरा.

• संडासहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. लहान बाळाची शीसुद्धा गटारात टाकू नका, संडासातच टाका. तिच्यातही तेवढेच जंतू असतात.

• सॅनिटरी पॅड, लंगोट, प्लॅस्टिक, चिंध्या, शिळे अन्न, वापरलेले तेल चेंबरात टाकू नका. चेंबर तुंबले की मैला रस्त्यावर येतो आणि ते उपसायला माणूस लागतो.

• नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली कोथिंबीर, मुळा, पालक बाजारात येऊ शकतात. भाज्या वाहत्या पाण्याने नीट धुवा आणि पावसाळ्यात शिजवून खा.

आजार झालाच तर

जुलाब लागले की क्षारसंजीवनी लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ मिसळा. चमचा चहाचा छोटा. मीठ जास्त होऊ देऊ नका. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध थांबवू नका. लहान मुलांना आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात. त्या चौदा दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, मूल मलूल होणे, शौचातून रक्त पडणे, सतत उलट्या होणे, यातले काहीही दिसले तर घरी थांबू नका. गरोदर भगिनीला कावीळ दिसली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. ‘ई’ कावीळ गरोदरपणात जीव घेऊ शकते. गंडे-दोरे आणि झाडपाला यांत वेळ घालवू नका. एकाच बोळात दोन-तीन घरांत जुलाब झाले तर ते आशाताईंना लगेच कळवा. तीच साथीची पहिली खूण असते.

टाकीत माणूस उतरवू नका

सेप्टिक टाकी साधारण तीन वर्षांनी उपसावी लागते, नाही तर ती नुसती मैला पुढे ढकलणारी पेटी होते. ती यंत्राच्या गाडीनेच उपसा आणि गाडी तो मैला कुठे रिकामा करते हेही विचारा. रात्री नाल्यात ओतला तर टाकी असून नसल्यासारखीच. टाकीत आणि चेंबरात विषारी वायू साठतो. एका श्वासात माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा मृत्यूंच्या बातम्यांमध्ये आडनावे कोणाची असतात, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई घेण्याची वेळ येऊ न देणे हे आपल्या हातात आहे. आपल्या घरची टाकी असो की विहाराची, पैसे वाचवायला कोणाला खाली उतरवू नका.

मागायचे काय आणि कोणाकडे

घरातली काळजी आपण घ्यायची. पण गटार, वाहिनी आणि केंद्र हे काम महानगरपालिकेचे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने सांडपाण्याची व्यवस्था हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. ‘निधी नाही’ हे उत्तर आले तर मध्य प्रदेशातल्या रतलामची गोष्ट आठवा. तिथल्या एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांच्या घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. गटारे बांधा असा आदेश झाला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला की पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला या कर्तव्यातून सुटता येणार नाही. ते लोक ज्या कलम १३३ खाली गेले होते, ते आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाणी आणि हवा हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असेही म्हटले.

आधी माहिती मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज करता येतो. विचारायचे असे: आमच्या वस्तीतल्या किती घरांना भुयारी गटाराची जोडणी आहे? सार्वजनिक शौचालयाचा मैला कोणत्या वाहिनीत जातो? गेल्या वर्षभरात तिन्ही केंद्रांत दर महिन्याला किती पाणी आले, किती शुद्ध झाले आणि बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी किती होता? हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयालाही विचारता येतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे देखरेख त्यांची आहे.

आणखी एक विचारण्यासारखे आहे. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात असे आहे की मलजल केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज प्रकल्पाने शुद्ध केलेले सांडपाणीच वापरावे. आपल्या फताटेवाडीला १,३२० मेगावॉटचा एनटीपीसीचा प्रकल्प आहे. शहराचे शुद्ध केलेले पाणी तिकडे, शेतीकडे आणि कारखान्यांकडे गेले तर उजनीचे तेवढे पाणी पिण्यासाठी उरते आणि सीनेत तेवढी घाण कमी जाते. दर उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या भगिनींसाठी हा प्रश्न कागदी नाही.

नदीबद्दल आपल्याकडे जुना नियम आहे

शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले, ही कथा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाण्यावरून युद्ध करायला सिद्धार्थांनी नकार दिला आणि त्यातून त्यांना घर सोडावे लागले, असे बाबासाहेब सांगतात. विनयपिटकात भिक्खूंसाठी एक साधा नियम आहे: आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये आणि थुंकूही नये. अडीच हजार वर्षांपूर्वी जो नियम एकेका भिक्खूला होता, तोच आज शहराला लागू पडतो. फरक इतकाच की एक भिक्खू स्वतःच ठरवू शकत होता, शहराला मात्र त्यासाठी वाहिन्या, पंप, वीज आणि लोकांचा आग्रह लागतो.

म्हणून आम्ही सुचवतो की येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. महिला मंडळ आणि तरुण मंडळ यांनी मिळून वस्तीचा एक नकाशा काढा. कोणत्या घराला ड्रेनेजची जोडणी आहे, कोणते चेंबर तुंबते, नळ कुठे गटारातून जातो, शौचालयाचे पाणी कुठे पडते, हे त्यावर खुणा करून दाखवा. आवर्तनाच्या दिवशी कोणत्या बोळात गढूळ पाणी आले, तेही तारखेसह वहीत लिहा. मग त्या नकाशासह आपल्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार विसरली जाते. पोच असलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

नकाशा आणि पोच यांची एक प्रत या पानाकडेही पाठवा. ज्या वस्तीला जोडणी मिळेल, तिने ती कशी मिळवली हे आम्ही इतर वस्त्यांसाठी इथे छापू.